जुनी गाडी, मोठं नाव



सचिवांनी फोन केला तेव्हा एकच अट घातली होती. बुऱ्हाणपूरचा इतिहास सोडून कशावरही बोला; मुमताज महल आणि असीरगड दोघंही दरवर्षी होतात. आम्ही म्हटलं, मग गाडीवर बोलतो. ते हसले. त्यांना वाटलं, सरकारी माणूस आहे, गाडीच्या निमित्तानं रस्त्यांवर बोलेल. रस्त्यांवर बोललो तर नोकरीत अडचण, तेव्हा गाडीवरच बोलतो.

गाडी तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे. बाहेर कडुलिंबाखाली उभी असते ती, गडद निळी, लांबलचक. तिच्या कंपनीचं नाव आम्ही मुद्दामच घेत नाही. नाव घेतलं की समोरचा माणूस पुढचं ऐकत नाही, असा सहा वर्षांचा अनुभव आहे.

हा विषय का घेतला तेही सांगून टाकतो. गेल्या वर्षी इथेच, आरती झाल्यावर प्रसादाच्या रांगेत मागून आवाज आला, "उपयंत्र्याच्या पगारात येते होय अशी गाडी?" कोण बोललं ते आम्हाला कळलं. नाव सांगत नाही, घरोबा आहे आणि राहील. आम्ही ते मनावर घेतलंही नसतं. पण शेजारच्या खुर्चीवर आमचे बाबा बसले होते. त्यांना आता एका कानानं कमी ऐकू येतं. नेमकं ते वाक्य चांगल्या कानाच्या बाजूनं आलं. घरी जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "मागच्या काचेवर लिहून घे, 'वडिलांच्या पैशानं'." म्हणून आज सौ.ची वही बरोबर आणली आहे. सगळा हिशेब तिच्यात आहे.

सुरुवात २०१८ पासून करायला हवी. त्या वर्षी इंदूरला बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. पुढे हृदयाचंही निघालं. दर तीन आठवड्यांनी इंदूर, जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर. असीरगड, बोरगाव, छैगाव माखन, देशगाव, सनावद, मोरटक्क्याचा नर्मदेचा पूल, बडवाह आणि मग घाट. ज्यांनी हा रस्ता त्या काळात केला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्याकडे तेव्हा एक लहान गाडी होती, चांगली गुणी गाडी. पण प्रत्येक खड्ड्याला बाबा वरची दांडी धरायचे आणि डोळे मिटायचे. तोंडातून शब्द नाही. बत्तीस वर्षं नेपानगरच्या पेपर मिलमध्ये पाळीनं काम केलेला माणूस, कुरकुर करायची सवयच नाही. सौ. म्हणायची, बाबा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी एका लग्नासाठी दिल्लीला गेलो. सौ.चे मावसभाऊ तिथे बँकेत आहेत. त्यांनी कोणा मित्राची मोठी गाडी स्टेशनवर पाठवली होती. बाबा मागे बसले आणि दहा मिनिटांत झोपले. ऑपरेशननंतर चालत्या गाडीत त्यांना झोप लागलेली आम्ही पहिल्यांदा पाहिली. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि घरातला पुढचा सगळा खर्च त्या एका नजरेत ठरला.

आता ही गाडी आम्हाला परवडली कशी? दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये आदेश दिला, की दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या राजधानी परिसरात चालणार नाहीत. पेट्रोलला पंधरा वर्षं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये तोच नियम कायम ठेवला. झालं. चाळीस-पंचेचाळीस लाखांना घेतलेल्या, नीट जपलेल्या गाड्या दहावं वर्ष जवळ आलं की तिथे कवडीमोल व्हायला लागल्या. त्या दुसऱ्या राज्यात नेऊन चालवता येतात. आमची २००९ ची. महाराष्ट्रातच जोडणी झालेली, दिल्लीत नांदलेली आणि तिथून हाकललेली. २०१९ च्या सप्टेंबरात दहा वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने होते. किंमत पडली ४,२५,००० रुपये. त्यातले अडीच लाख बाबांच्या मुदत ठेवीचे आणि बाकीचे आमचे. लहान गाडी विकून आलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवले. ही अक्कल सौ.ची.

दलालाकडे त्याच मॉडेलच्या दोन गाड्या होत्या. एकीच्या मीटरवर ७८,००० किलोमीटर, दुसरीच्या २,२८,०००. किंमत जवळपास सारखीच. मावसभाऊ म्हणाले, अहो, विचार कसला करता! पण पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमा अशा वेळी कामी येतो. ७८,००० वाल्या गाडीच्या ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं होतं. स्टीअरिंगचं चामडं वरच्या बाजूला चकचकत होतं, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटून शिवलेली. दरवाजाच्या फटीतून पाहिलं तर बिजागरीत खेळ. इतकी झीज ७८,००० मध्ये होत नाही. मीटर मागे फिरवलेलं होतं, आणि ते फिरवायला फार वेळ लागत नाही. दुसरीची फाईल जाड होती. दर वर्षाचं सर्व्हिसचं बिल, प्रत्येकावर तारीख आणि किलोमीटर, वर्षाला बावीस-तेवीस हजारांनी सरळ चढत गेलेले. म्हणजे हमरस्त्यावर चाललेली गाडी. हमरस्त्यावर इंजिन एका गतीनं, एका तापमानात चालतं. शहरातल्या गर्दीत रोज पाच किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा त्याची झीज कमी असते. आम्ही सव्वादोन लाखांवरची घेतली. तुमच्यापैकी कोणी जुनी गाडी घेणार असाल तर मीटर नंतर पाहा, आधी पेडल पाहा आणि बिलं मागा.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. दिल्लीहून फॉर्म २८ वर ना-हरकत घेतली, इथे आजीवन कर भरला आणि एम.पी. ६८ चा नंबर घेतला. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. काही मंडळी दिल्लीची पाटी मिरवत वर्षानुवर्षं फिरतात, तो त्यांचा प्रश्न.

दुसरं काम कार्यालयातलं. मध्यप्रदेश सिव्हिल सेवा (आचरण) नियम, १९६५ प्रमाणे अशी खरेदी शासनाला कळवायची असते. आम्ही कळवली, किंमत लिहिली, पैसे कुठून आले ते लिहिलं, बाबांच्या ठेवीची पावती जोडली. अर्ज घेणाऱ्या बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "सर, एक शून्य छूट गया क्या?" आम्हीही हसलो. पण २०२१ मध्ये निनावी अर्ज आला तेव्हा हसू आलं नाही. चौकशी झाली. आठ महिने चालली. त्या आठ महिन्यांत समयमान वेतनमानाची आमची फाईल टेबलावर तशीच पडून होती. शेवटी तीच कळवल्याची प्रत, तीच पावती आणि बँकेतून दलालाला गेलेले पैसे, या तीन कागदांवर प्रकरण मिटलं. त्या दिवसांत सौ. एकदा म्हणाली, विकून टाकू या, भाड्याची गाडी करू. आम्ही जवळजवळ तयार झालो होतो. मग वाटलं, चौकशी चालू असताना विकली तर ज्यांनी अर्ज केला त्यांना आपलं खरं होतं असंच वाटणार. खरं सांगायचं तर त्या वर्षी गाडी बाबांच्या पाठीसाठी कमी आणि आमच्या हट्टासाठी जास्त ठेवली.

आता पैशांचं. जुन्या महागड्या गाडीबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज असतो, आमचाही होता. गाडीची किंमत दहा वर्षांत दहाव्या हिश्श्यावर येते. तिच्या सुट्या भागांची येत नाही. तुम्ही चार लाखांना घेतली म्हणून ब्रेकची डिस्क काही चार लाखांच्या गाडीची मिळत नाही. पंचेचाळीस लाखांच्या गाडीचीच घ्यावी लागते. पहिल्या वर्षातच १,४६,००० रुपये लागले: टायर, सगळे पट्टे, खालचे रबरी बुश, सगळी तेलं. रबर किलोमीटरनं कमी आणि वर्षांनी जास्त झिजतं. उभ्या गाडीचंही कडक होतं. आणि गिअरबॉक्सचं तेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये आयुष्यभराचं तेल आहे, बदलायचं नाही, असं बरेच लोक ठामपणे सांगतात. गिअरबॉक्स बनवणारी झेड-एफ ही जर्मन कंपनी मात्र ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. आमचं निघालं ते डांबरासारखं काळं. बदलल्यावर गिअर पडताना जो धक्का बसायचा तो गेला.

मग २०२२ च्या थंडीत एक दिवस सकाळी पाहिलं तर गाडी पुढून खाली बसलेली. या गाडीला स्प्रिंगांऐवजी हवेच्या रबरी पिशव्या आहेत. म्हणूनच तर बाबांना खड्डे लागत नाहीत. पिशवीला बारीक चीर गेली की रात्रभर हवा निघते. सकाळी इंजिन सुरू केलं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी हळूहळू उठते, गुडघ्यावर हात टेकून म्हातारा माणूस उठतो तशी. पोरांना गंमत वाटायची, गल्लीतली मुलं बघायला यायची. आम्हालाही वाटलं, उठते ना, चालू दे. तिथे चुकलो. गळणाऱ्या पिशव्या भरता भरता कॉम्प्रेसर जळाला. पिशवी वेळेवर बदलली असती तर बरंच कमीत भागलं असतं. दोन्ही पिशव्या आणि कॉम्प्रेसर मिळून ९४,००० गेले, आणि तेही मूळ कंपनीचे न घेता.

तिसरा खर्च मात्र आपल्या गावाशी जोडलेला आहे. मे महिना, असीरगडचा चढ, बाबा मागे, आणि तापमानाचा काटा वर. गाडी बाजूला घेतली. कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकली होती. दहा-बारा वर्षांच्या उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ होतं. एका ढाब्यावाल्यानं बाबांना खाटेवर झोपवलं, पंखा लावला, पाणी दिलं. पैसे घेतले नाहीत. टाकी तात्पुरती चिकटवून घरी आलो. गावातल्या एका मिस्त्रीनं सांगितलं, थोडं पाणी कमी होतं, होऊ दे, वरून टाकत राहा. आम्ही आठ महिने बोअरचं पाणी टाकत राहिलो. डिप्लोमा त्या आठ महिन्यांत कुठे गेला होता, ते विचारू नका. रेडिएटर उघडला तेव्हा आत पांढरा कडक थर. सौ.नं पाहिलं आणि म्हणाली, "हे तर कुंडी भंडाऱ्यासारखं झालंय." अगदी बरोबर. ज्यांनी लिफ्टनं खाली उतरून ते पाहिलं आहे त्यांना आठवेल. अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी गावात आणायला जमिनीखाली बोगदा खोदला, त्यावर शंभराहून जास्त कुंड्या. आज त्या भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले आहेत. आपल्या जमिनीतल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो. बोगद्यात तो चारशे वर्षांत बसला, रेडिएटरमध्ये पाणी तापतं म्हणून आठ महिन्यांत बसला. ४१,००० रुपये. (बघा सचिवसाहेब, इतिहास टाळता टाळता आलाच.)

जळगावचे एक मिस्त्री आता गाडी पाहतात. ते पुण्यात अनेक वर्षं अशाच गाड्यांवर काम करून गावी परतलेले आहेत. १९९५ मध्ये पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची जोडणी सुरू झाली, पुढे औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडा आणि ऑडी आल्या. त्या निमित्तानं आपल्या भागातली काही मुलं हे काम शिकली. यांच्याकडे कॉम्प्युटरचा स्कॅनर आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे "आत्ता याची गरज नाही" हे वाक्य आहे. डावा आरसा त्यांनीच दिल्लीच्या मायापुरीतून जुना मागवून दिला, नव्याच्या चौथ्या हिश्श्यात.

वहीतली बेरीज सांगतो. सहा वर्षांत गाडी ७३,००० किलोमीटर चालली; मीटर आता ३,०१,००० वर आहे. दुरुस्ती आणि देखभालीवर गेले ५,१२,०००. वर सांगितलेले तीन मोठे खर्च सोडले तर बाकी २,३१,००० तेल, फिल्टर, ब्रेक, बॅटरी आणि टायरचा दुसरा जोड यांत. म्हणजे किलोमीटरला सात रुपये दुरुस्तीचे. डिझेलचे त्याहून थोडे जास्तच. विमा वेगळा. थोडक्यात, गाडीच्या किमतीपेक्षा तिच्यावर जास्त खर्च झाला, आणि दोन्ही मिळून सव्वानऊ लाखांच्या वर जातं. एवढ्यात एक नवी, मधल्या आकाराची, वॉरंटीची गाडी आली असती. भाड्याची गाडी करून इंदूरला गेलो असतो तरी फार फरक पडला नसता, कदाचित स्वस्तच पडलं असतं. ज्यांना वाटतं की आम्ही मोठा हात मारला, त्यांना हे सांगायचं होतं. आणि ज्या तरुणांना दिल्लीच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिराती येतात त्यांनाही. गाडीच्या किमतीएवढी रक्कम वेगळी काढून ठेवता येत असेल तरच त्या वाटेला जा. कर्ज काढून तर मुळीच नको.

मग ठेवली का? हा प्रश्न गेल्या नोव्हेंबरात खराच उभा राहिला. गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांनी पासिंग पुन्हा करावं लागतं, ते पाच वर्षांसाठी मिळतं. एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली. कबाडी ७०,००० देत होता. कार्यालयात आम्ही ज्या जीपनं साइटवर जायचो, ती मात्र गेली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द. तिचं इंजिन उत्तम होतं. कुंपणाजवळ ती उभी असते, टायर बसलेले. सरकारी जीपला जे मिळालं नाही ते खासगी गाडीला मिळतं, हा न्याय आम्हाला नीट कळलेला नाही. पण आम्ही सरकारी माणसं, नियम पाळतो.

जगात लोकांनी गाड्या किती चालवल्या आहेत तेही आम्ही त्या दिवसांत वाचलं, मन वळवायला कारण हवं होतं म्हणून. अमेरिकेत अर्व्ह गॉर्डन नावाचे शाळामास्तर होते. १९६६ ची व्हॉल्वो त्यांनी २०१३ पर्यंत तीस लाख मैल चालवली. ग्रीसमधल्या ग्रेगोरिओस साखिनिडिस या टॅक्सीवाल्याची मर्सिडीज २४०-डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. टॅक्सीवाल्यानं इंजिनं अनेकदा बदलली, हे बातमीत खाली बारीक अक्षरात असतं. आमचं तीन लाखांतलं मूळ इंजिन आहे, हे आम्ही बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "मास्तरांनी तेल वेळेवर बदललं असेल. आपल्या मिलचं मशीनही असंच चालायचं."

निर्णय त्यांनीच केला. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, पुढचं इंदूर कधी? आम्ही म्हटलं, सोमवारी, पण यावेळी भाड्याची गाडी करू, पासिंगचं अजून ठरायचं आहे. ते काही बोलले नाहीत. सोमवारी निघालो. बोरगावच्या आधी आम्ही मागे वळून पाहिलं, तर त्यांनी वरची दांडी धरली होती आणि डोळे मिटले होते. सौ.नं माझ्या दंडाला चिमटा काढला. दुसऱ्या दिवशी परिवहन कार्यालयात फॉर्म २५ भरून दिला.

पाच वर्षांचं पासिंग मिळालं आहे. बाबा आता पंच्याऐंशीचे आहेत आणि आज पहिल्या रांगेत, उजव्या कोपऱ्यात बसले आहेत. चांगला कान इकडेच आहे. सौ.ची वही टेबलावर ठेवतो, ज्यांना बघायची असेल त्यांनी निःसंकोच बघा, प्रसाद घेऊन आलात तरी चालेल, फक्त पानांना तूप लागू देऊ नका. गाडी बाहेर उभीच आहे. पुढची डावी बाजू पुन्हा थोडी बसलेली दिसेल. जळगावला फोन केला आहे, गुरुवारी बोलावलं आहे.